गाव राखण्यासाठी सोडलेले गाव : रत्नागिरी जिल्हा आणि गिरण्यांची मुंबई

माणसे आपला मुलूख सोडून दुसरीकडे का जातात, या प्रश्नाला आकडेवारीच्या आधाराने उत्तर देण्याचा पहिला मोठा प्रयत्न अर्न्स्ट जॉर्ज राव्हेनस्टाइन या जर्मनीत जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या भूगोलतज्ज्ञाने १८८५ मध्ये आणि पुन्हा १८८९ मध्ये केला. बहुतेक माणसे थोड्याच अंतरावर जातात, प्रत्येक प्रवाहाला उलट दिशेने वाहणारा एक लहान प्रवाह असतो, आणि जुलमी कायदे, जड कर किंवा वाईट हवामान ही कारणे खरी असली तरी आपली ऐहिक स्थिती सुधारावी ही इच्छा त्या सर्वांहून प्रबळ ठरते, असे त्याच्या प्रतिपादनाचे सार होते. विसाव्या शतकातील अभ्यासकांनी याच विचाराला अधिक आटोपशीर रूप दिले. ज्या गोष्टी माणसाला मूळ ठिकाणाहून बाहेर लोटतात त्यांना त्यांनी 'ढकल' म्हटले, ज्या नव्या ठिकाणी खेचून घेतात त्यांना 'ओढ' म्हटले, आणि या दोहोंच्या बेरजेतून स्थलांतराचा उलगडा होतो असे मानले.

राव्हेनस्टाइन आपले नियम मांडत होता त्याच दशकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर त्या नियमांची कसोटी पाहणारे एक मोठे स्थलांतर चालू होते. १८८१ च्या जनगणनेत मुंबई शहराची लोकसंख्या ७,७३,१९६ भरली आणि तीत सुमारे सव्वा लाख माणसे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती, म्हणजे शहरातील साधारण दर सहा माणसांत एक रत्नागिरीचा होता. त्या काळचा रत्नागिरी जिल्हा आजच्या रत्नागिरीपुरता नव्हता. सावंतवाडी संस्थान वगळता आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भागही त्यात मोडत असे. या जिल्ह्यातून मुंबईला गेलेल्या माणसांनी पुढील शंभर वर्षे जो जीवनक्रम चालवला, तो ढकल आणि ओढ यांच्या बेरजेत नीट बसत नाही. गावात पोट भरत नव्हते हे खरे आणि मुंबईत मजुरी मिळत होती हेही खरे. परंतु ज्या निष्ठेने हा माणूस दरवर्षी गावी परतला, तिथल्या तुटपुंज्या जमिनीत शहरची कमाई ओतत राहिला आणि म्हातारपणी त्याच घरात जाऊन राहिला, ती पाहता त्याने गाव सोडले ते गाव हातचे जाऊ नये म्हणून, असेच म्हणावे लागते. हे विधान नीट समजण्यासाठी आधी ती जमीन पाहिली पाहिजे.

सह्याद्रीची धार आणि समुद्र यांमधल्या या चिंचोळ्या पट्टीत वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत पडून उताराने वाहून जातो, आणि जांभ्याचा कातळ पाणी धरून ठेवत नाही. भात पिकते ते दऱ्याखोऱ्यांतील आणि खाड्यांकाठच्या मर्यादित जमिनीत. बाकीची बरीचशी जमीन वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, जिच्यात नाचणी, वरी, हरीक यांसारखी धान्ये दोन-तीन वर्षे घेऊन पुढे काही वर्षे ती पडीक ठेवावी लागते. भाताची रोपे तयार करण्यासाठी पावसाआधी वाफ्यावर फांद्या, पालापाचोळा व शेण पसरून ते जाळावे लागते. याला राब भाजणे म्हणतात, आणि त्यासाठी लागणारा पाला गोळा करण्यातच उन्हाळ्याचे दिवस जातात. म्हणजे जिल्ह्यात मेहनतीची वाण नव्हती. पण भाताची कापणी झाली की कुटुंबातील धडधाकट पुरुषाला पुढच्या पावसापर्यंत मोबदला देईल असे काम गावात फारसे नसे, आणि जे पिकले ते जिल्ह्याला वर्षभर पुरतही नसे. माणसे वाढली तशी वरकस जमिनीची विश्रांती कमी झाली, वाटण्या होऊन भातखाचरे लहान होत गेली, आणि नापिकी न होताही घरात दाणा कमी पडू लागला. देशावर १८७६ ते १८७८ चा किंवा १८९९–१९०० चा दुष्काळ माणसांना एकदम घराबाहेर काढीत असे. कोकणात ती अवस्था दरवर्षी थोडी थोडी येत असे, आणि म्हणून तेथील स्थलांतरही पळापळीचे न होता ठरवून केलेले होते.

जमिनीच्या या गरिबीवर खोतीचा भार होता. खोत हा मुळात सरकार आणि रयत यांमधला वसुली करणारा वतनदार. गावाचा सारा तो सरकारात भरी आणि कुळांकडून स्वतःच्या हक्काचे उत्पन्न वसूल करी. साऱ्याहून अधिक जे त्याच्या हाती राही त्याला फायदा म्हणत. जिल्ह्यातील बहुसंख्य गावे खोती होती. कुळांमध्येही पायऱ्या होत्या: धारेकऱ्याला ठरलेल्या साऱ्यापलीकडे फारसे देणे नसे, तर सर्वांत खालचे उपरी कूळ साधारणतः भाताचा निम्मा आणि वरकस पिकाचा तिसरा हिस्सा खोताच्या घरी पोचवी. याशिवाय खोताच्या शेतावर, घरावर किंवा पालखीला बिनमोबदला राबण्याची वेठ अनेक गावांत चालू होती. १८८० च्या खोती कायद्याने काही कुळांना कायम कब्जाचा हक्क दिला, परंतु त्याच कायद्याने खोताचा दर्जाही लेखी पक्का केला. खंड धान्यात द्यायचा असल्याने चांगल्या सालचा लाभ कुळाच्या पदरात पूर्ण पडत नसे, आणि वाईट सालची तूट मात्र कर्जाच्या रूपाने पुढच्या वर्षावर चढे. अशा कुटुंबाला रोख पैशाची गरज पडे आणि जिल्ह्यात रोख पैसा मिळण्याच्या जागा थोड्या होत्या. त्यामुळे घरातील एका मुलाला बाहेर पाठवणे हा जमीन टिकवण्याचा उपाय ठरला. एक भाऊ शेतीवर, एक किंवा दोन भाऊ मुंबईत, आणि घर व जमीन सामाईक, ही रचना कोकणात घरोघर दिसू लागली.

तथापि बाहेर जाण्याची सवय गिरण्यांच्या आधीची होती. पेशवाई संपल्यानंतर कंपनीच्या मुंबई लष्करात रत्नागिरीची माणसे मोठ्या संख्येने होती, त्यांत मराठ्यांबरोबर महारही होते, आणि दापोलीच्या परिसरात निवृत्त शिपायांची वस्ती झाली होती. या वस्तीचे महाराष्ट्राच्या इतिहासातील स्थान फार मोठे आहे. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त होऊन दापोलीस राहिले आणि तेथूनच त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखन केले. मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे रामजी सकपाळ निवृत्तीनंतर आधी दापोलीस, मग सातारला आणि शेवटी मुंबईस आले, आणि त्यांचे चिरंजीव भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, यांचे मुंबईतील शिक्षण परळच्या चाळीत राहून झाले. १८९० च्या दशकाच्या आरंभी 'लढाऊ जातीं'च्या नव्या धोरणानुसार महारांची लष्करभरती बंद करण्यात आली, तेव्हा या कुटुंबांचा एक मार्ग तुटला आणि गोदी, रेल्वे व गिरणी हेच मार्ग उरले. किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान, भंडारी व गाबीत तर समुद्रावर आधीपासूनच होते. मुंबईहून निघणाऱ्या आगबोटींवर खलाशी म्हणून कोकणी मुसलमानांना मोठी मागणी असे. तात्पर्य, कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचे उत्पादन सुरू झाले, त्या वेळी रत्नागिरीच्या खेड्यांना मुंबई ओळखीची झालेली होती.

गिरण्यांची वाढ मात्र सरळ झाली नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरला अमेरिकी कापूस मिळेनासा झाला, भारतीय कापसाचे भाव भडकले, मुंबईत पैशाचा पूर आला आणि युद्ध संपताच तो ओसरून पेढ्या बुडाल्या. १८६४ मध्ये आठ लाखांच्या वर गेलेली शहराची लोकसंख्या १८७२ मध्ये साडेसहा लाखांच्याही खाली आली. काम संपले तशी माणसे घरी गेली होती. पुढे चीनला सूत निर्यात करण्याच्या धंद्यावर गिरण्या खऱ्या अर्थाने वाढल्या. १८६५ मध्ये दहाच्या आसपास असलेली त्यांची संख्या शतक संपताना ऐंशीच्या वर गेली, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत कामगारांची संख्या दीड लाखाच्या घरात पोचली. १९११ च्या सुमारास या कामगारांपैकी जवळपास निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते.

येथे राव्हेनस्टाइनचा पहिला नियम अडखळतो. मुंबईला लागून असलेला ठाणे जिल्हा जवळ होता, तेथून रेल्वेही १८५३ पासून होती, तरीही ठाण्यातून गिरणीत आलेली माणसे रत्नागिरीच्या मानाने फारच थोडी होती. बहुसंख्य कामगार शंभर ते दोनशे मैलांवरून आले. मैलांत मोजलेले अंतर आणि माणसाच्या आयुष्यातले अंतर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शहराच्या अगदी शेजारच्या खेड्याला भाजी, दूध, गवत, लाकूड, मीठ शहरात विकता येत होते आणि त्यासाठी घर सोडावे लागत नव्हते. रत्नागिरीला विकण्यासारखे होते ते माणसाचे श्रम, आणि ते श्रम मुंबईला स्वस्तात पोचवणारी वाट होती समुद्राची.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किनाऱ्यावर आगबोटींची नियमित वाहतूक सुरू झाली, आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे मुंबईला बांधली गेली. घाट चढून कोल्हापूर किंवा कराडच्या बाजूने जाण्यास जे दिवस लागत, ते बोटीने एका रात्रीवर किंवा दीड दिवसावर आले. बहुतेक ठिकाणी बोट खोल पाण्यात थांबे आणि उतारू पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, किनाऱ्यावर आणले जात. मुंबईस भाऊच्या धक्क्यावर उतरलेल्या माणसाला माझगाव, लालबाग, परळ पायी गाठता येत असे. पावसाळ्यात ही लांबची वाहतूक बंद पडे, आणि या खंडामुळे वर्षाचे दोन भाग पडत: समुद्र मिटण्यापूर्वी गावी जाऊन पेरणी-लावणीला हात लावायचा किंवा सबंध पावसाळा मुंबईतच काढायचा, हा निर्णय उन्हाळ्यातच घ्यावा लागे. या प्रवासाने बळीही घेतले. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी हवेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्वातंत्र्याच्या आनंदात हे दुःख देशाच्या स्मरणातून लवकर निसटले, पण किनाऱ्यावरच्या कुटुंबांना ते विसरता आले नाही.

धक्क्यावर उतरलेला तरुण गिरणीच्या दाराशी कसा पोचत असे, हे समजून घेतल्याशिवाय या स्थलांतराचे रहस्य कळत नाही. गिरणीचा मालक किंवा विलायती मॅनेजर कामगार स्वतः निवडत नसे. भरती जॉबर करी. जॉबर म्हणजे कामगारांमधूनच वर चढलेला मुकादम, ज्याच्याकडे माणसे आणणे, त्यांच्याकडून काम घेणे आणि नको असल्यास काढणे हे सारे अधिकार असत. स्त्रियांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. जॉबर आपल्या गावची, भावकीची, ओळखीची माणसे लावी, कारण त्यांच्यावर त्याचा वचक राही आणि गावात त्याचा मान वाढे. नोकरीसाठी जॉबरला दस्तुरी, म्हणजे दलाली, द्यावी लागे, आणि कित्येकदा तो सावकारही असे. नव्या माणसाला कायम जागा क्वचितच मिळे. तो बदली म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी एखाद-दुसऱ्या दिवसासाठी लागण्याच्या आशेने, रोज पहाटे दारात उभा राही. पगार महिन्याने होई आणि तोही महिना संपल्यावर काही दिवसांनी हाती येई, त्यामुळे काम लागले तरी पहिला दीड महिना उधारीवर काढावा लागे. ही उधारी वाण्याकडे कोणाच्या तरी जामिनावर मिळत असे, आणि जामीन राहणारा माणूस गावचा असे. ज्याचे मुंबईत कोणीच नव्हते त्याला मजुरीचा दर कितीही चांगला असला तरी तो गाठता येत नव्हता. ओढ ही शहरापासून सगळीकडे सारखी पसरत नाही. ती नात्यांच्या वाटेने जाते, आणि म्हणूनच एका वाडीतील पन्नास पुरुष एका गिरणीत आणि शेजारच्या वाडीतील एकही नाही, असे घडू शकते.

राहण्याची व्यवस्थाही गावानेच केली. १९२१–२२ मध्ये सरकारच्या मजूर कचेरीने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा सत्त्याण्णव टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे आढळले. एकटे पुरुष तर एका खोलीत दहा-दहा, वीस-वीस राहत. अनेक गावांनी वर्गणी काढून गिरणगावात गावाच्या नावाची खोली घेतली. तेथे प्रत्येकाची एक पेटी, एक वळकटी, पाळ्यांप्रमाणे झोपण्याची वेळ ठरलेली, आणि भाडे वाटून घेतलेले असे. याच खोल्यांतून गावोगावची 'मुंबई मंडळे' उभी राहिली, ज्यांनी पुढे गावातील शाळा, देऊळ, विहीर, पाखाडी यांसाठी पैसा जमवला, तंटे सोडवले आणि मयताच्या वेळी मदत केली. गोव्यातील ख्रिस्ती खलाशी व आचारी यांनी धोबीतलाव आणि माझगाव भागात आपापल्या गावाचे 'कूड' स्थापन केले होते. दोन्हींमागील बुद्धी एकच होती. जेवणासाठी खानावळ असे, आणि ती बहुधा एखादी विधवा किंवा कामगाराची बायको चालवी, जी महिन्याच्या हिशेबाने उधारीवर जेवू घालून पगाराच्या दिवसापर्यंत स्वतः वाण्याचे देणे अंगावर घेई. गिरणी व्यवसायाच्या इतिहासात भांडवल पुरवणाऱ्यांची नावे सापडतात. या बायकांनी दरमहा पुरवलेले भांडवल कोणत्याही ताळेबंदात नाही, हा त्या इतिहासावरचा मोठा अन्याय आहे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी खानावळ चालवणाऱ्या स्त्रियांचे 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कोठे या श्रमाला नाव मिळाले.

या व्यवहाराची खरी किंमत कोणी मोजली असेल तर ती गावात राहिलेल्या स्त्रीने. १९२१ मध्ये मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सव्वापाचशेच्या आसपास होत्या, तर त्याच वेळी रत्नागिरी जिल्ह्यात स्त्रियांची संख्या पुरुषांहून बरीच जास्त होती. या दोन आकड्यांमध्ये हजारो संसार दुभंगलेले आहेत. नांगरणीखेरीज शेतीचे बहुतेक काम, गुरे, राब, लावणी, कापणी, खोताचा खंड, सासूसासऱ्यांचे आजारपण आणि मुलांचे शिक्षण ही सारी जबाबदारी तिच्यावर असे. टपाल खात्याने १८८० पासून मनिऑर्डर सुरू केल्यावर पैसा सुरक्षित येऊ लागला आणि कोकणातील अर्थव्यवस्थेला पुढे मनिऑर्डरची अर्थव्यवस्था असेच नाव पडले. पण पोस्टमनने आणलेला तो पैसा बहुधा घरातील वडीलधाऱ्याच्या हाती जाई. मुंबईत बायको आणणे परवडत नव्हते हे खरे असले, तरी ते एकमेव कारण नव्हते. ती गावात राहिली तरच जमिनीवरचा ताबा राहणार होता. कसणारे कोणी नसलेली जमीन खोत दुसऱ्या कुळाला देऊ शकत होता. ज्या स्त्रिया मुंबईस आल्या त्यांनी गिरणीतील वाइंडिंग व रीलिंग खाती सांभाळली, आणि १९२० च्या दशकात एकूण कामगारांत त्यांचा वाटा एक पंचमांश किंवा थोडा अधिक होता. त्यांच्यापैकी पुष्कळ विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या होत्या, म्हणजे ज्यांना गावातील जमिनीत वाटा उरला नव्हता अशा.

गाव राखण्याचा उपयोग काय होता, हे संकटाच्या वेळी दिसे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग असल्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखले, आणि पुढच्या काही महिन्यांत शहराची जवळपास निम्मी वस्ती बाहेर पडली. सरकारी पथकांची घरझडती, सक्तीने रुग्णालयात नेणे आणि सामान जाळणे यांची धास्ती रोगाइतकीच मोठी होती. गिरण्या ओस पडल्या, मालकांना रोजची मजुरी रोज देऊन नाक्यानाक्यावर माणसे गोळा करावी लागली, आणि एरवी मजुराला तुच्छ लेखणाऱ्या या व्यवसायाला आपण कोणाच्या जिवावर उभे आहोत ते उमगले. १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीच्या मानाने घटलेली दिसते. तीन दशकांनी, एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ या काळात गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप सहा महिने चालला. दीड लाख माणसे पगाराविना एवढा काळ टिकली याचे श्रेय गिरणी कामगार युनियनच्या संघटनेला आहेच, परंतु हजारो कामगार पेरणीच्या सुमारास गावी निघून गेले आणि घरच्या भातावर राहिले, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. मालकांनी कामगाराच्या गावाकडच्या ओढीला नेहमी बेशिस्त म्हटले. वस्तुतः मजुराचे बालपण, आजारपण, बेकारी आणि म्हातारपण यांचा खर्च गाव उचलत होते, आणि म्हणूनच गिरण्यांना एका माणसाच्या पोटापुरत्या मजुरीवर काम करून घेता येत होते. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटले आयोगाने, म्हणजे भारतातील कामगारांच्या स्थितीचा विचार करणाऱ्या शाही आयोगाने, कामगार शहराकडे खेचला जात नसून लोटला जातो असा निष्कर्ष काढला आणि खेड्याशी असलेला त्याचा संबंध तोडू नये, असे सुचवले. त्या निष्कर्षात सहानुभूती आहे. मात्र खेड्याच्या आधारामुळे शहरातील मजुरी कमी ठेवता येते, या बाजूवर त्यात पुरेसा भर नाही.

गाव राखणे सर्वांना सारखे हवे होते असे मात्र मुळीच नाही. महार कामगाराच्या दृष्टीने गाव म्हणजे वेठ, विटाळ आणि वतनाची कामे. त्याला मुंबईत मोकळा श्वास मिळाला, पण तोही अपुरा: विणाई खात्यात धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घेण्याची पद्धत होती, आणि ते सूत महाराने ओढलेले चालणार नाही म्हणून सवर्ण साचेवाल्यांनी त्याला या अधिक पगाराच्या खात्यात शिरू दिले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न संघटनेच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. तरीही याच शहरातील मजुरी, वाचन आणि सभा यांतून जे बळ आले ते गावाकडे परतले. १९२७ चा महाडचा सत्याग्रह घडवण्यात मुंबईहून गेलेल्या कार्यकर्त्यांचा मोठा भाग होता. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून खोतांविरुद्ध कुळांचा संप सहा वर्षे चालला, तेव्हा जमीन पडीक ठेवून कुटुंबे जगली ती मोलमजुरीवर. स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकरी बोटींनी व पायी मुंबईस येऊन विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेले. राव्हेनस्टाइनने ज्याला उलट प्रवाह म्हटले तो या उदाहरणात माणसांपेक्षा विचारांचा आणि धैर्याचा होता, आणि स्थलांतराचा कोणताही हिशेब तो धरल्याशिवाय पूर्ण होत नाही.

खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला, कूळकायद्याने कसणाऱ्याला मालकीचा मार्ग खुला केला, आणि तरीही कोकणातून मुंबईस जाणे थांबले नाही. ढकलणारे एक मोठे कारण दूर झाले असता प्रवाह चालूच राहिला, याचा अर्थ तोवर स्थलांतर ही कोकणातील घराची रीत झाली होती. मुलगा हाताशी आला की त्याने मामाकडे किंवा चुलत्याकडे मुंबईस जावे, चाकरमानी होऊन गणपतीला व शिमग्याला परतावे, पालखीतील आपला मान आणि देवळातील आपली जागा राखावी, भावाशी वाटणीवरून भांडावे आणि घराचे कौल बदलण्यासाठी पैसे पाठवावेत, हा क्रम पिढ्यानपिढ्या चालला. गिरण्यांत मात्र रत्नागिरीकरांचे प्रमाण तोपर्यंत घसरले होते. १९३१ मध्येच ते सुमारे एक चतुर्थांशावर आले, कारण देशावरची आणि उत्तर हिंदुस्थानातील माणसे वाढली होती आणि कोकणातील शिकलेली मुले कारकुनी, पोलीस, टपाल व बेस्टसारख्या नोकऱ्यांत जाऊ लागली होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. या वेळीही हजारो कुटुंबांनी गावची वाट धरली, पण १९२८ मध्ये जे गावाने पेलले ते आता त्याला पेलवले नाही. खाचरे आणखी लहान झाली होती, घरात मनिऑर्डरवर जगणाऱ्या तोंडांची संख्या वाढली होती, आणि संप अधिकृतपणे मागे न घेताच गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. जे गाव वर्षानुवर्षे शहराच्या मजुरीवर राखले गेले होते, ते मजुरी थांबल्यावर स्वतःच्या बळावर उभे राहू शकत नव्हते.

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्रातील तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. गिरणगावातील चाळींच्या जागी उंच इमारती आल्या आणि तेथील मराठी कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरार, नालासोपारा येथे सरकली. कोकणातील तरुण तेथे, पुण्याला किंवा आखाती देशांत जात राहिला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर जिल्ह्यात रोजगार वाढेल आणि माणसे थांबतील अशी अपेक्षा होती, पण रेल्वेने जाणेही तितकेच सोपे केले. २०११ मध्येही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. आणि याच जिल्ह्यांतील आंब्याच्या बागांत राखणीला, फवारणीला व तोडणीला, तसेच मासेमारीच्या नौकांवर, आज नेपाळमधून आलेले मजूर मोठ्या संख्येने काम करतात. एकाच्या ओळखीने दुसरा येतो, कमाईचा भाग घरी जातो, आणि डोंगरातील त्यांची शेती मागे राहिलेल्या बायका कसतात.